‘नळ आला’ कुणी केला

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहसा भांडणं होत नाहीत, कारण तिथं कुणी काही वाचतच नाही. सकाळी फुलं येतात, दुपारी गुडघेदुखीवरचे उपाय येतात, आणि सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात. यंदा उन्हाळ्यात माझ्या मुलीनं तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रदर्शनाचं पत्रक त्या ग्रुपवर टाकलं, तेव्हाही नेहमीसारखे अंगठे आले. दोघा-तिघांनी ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिलं. कुणाचं, ते त्यांनाही माहीत नसावं.

मी मात्र चष्मा लावून बसलो होतो. पत्रकात लिहिलं होतं: जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन. आपल्या शहरात तयार झालेला पहिला मराठी कॉम्प्युटर गेम ‘नळ आला’ प्रत्यक्ष खेळून पाहा. समारोपाला गेमच्या निर्मात्यांचा सत्कार. आणि खाली निर्माते म्हणून गुलमंडीजवळच्या एका रेकॉर्डिंग सेंटरचं आणि त्याच्या मालकाचं नाव. ते नाव मी इथं लिहिणार नाही. त्यानं ते पुरेशा ठिकाणी स्वतःच घालून ठेवलेलं आहे.

‘नळ आला’ माझ्या ताईनं केला. आमच्या गारखेड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत. डोळ्यांदेखत म्हणजे मी मधेमधे लुडबुड करत होतो आणि ती मला हाकलत होती.

आता चिडून सांगायला लागलो की माझं सगळं उलटसुलट होतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तेव्हाचा तो घरगुती कॉम्प्युटर म्हणजे एक काळी पाटी होती, तिच्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. त्याला पडदा नव्हता, घरातला टीव्ही हाच पडदा. डिस्क वगैरे काही नव्हतं. गाण्याची असते तशीच कॅसेट, आणि आपला साधा टेपरेकॉर्डर. कॅसेट सुरू केली की कुणीतरी डब्यावर खिळा घासतंय असा आवाज यायचा, टीव्हीच्या कडेनं रंगीत पट्टे धावायचे, आणि तेवढ्या वेळात कुणी टेबलाला धक्का लावला नाही, तर खेळ सुरू व्हायचा. धक्का बहुधा मीच लावायचो.

ताईनं गणितात बी.एस्सी. केलं होतं. आत्या तिच्यासाठी स्थळं आणायची आणि ताई त्या पाहुण्यांना शून्य आणि एकाचं गणित समजावून सांगायची. पाहुणे चहा अर्धा टाकून जायचे. शेवटी वडिलांनी हार मानली, पुण्याहून एस.टी.त मांडीवर ठेवून हा कॉम्प्युटर आणला, मागाहून दुसरा आणला, आणि ताईनं पुढच्या खोलीत क्लास काढला. गारखेड्यातली पोरं यायची. फुलंब्रीहून एक वडील रविवारी आपल्या मुलीला घेऊन यायचे आणि क्लास संपेपर्यंत आमच्या ओट्यावर पेपर वाचत बसायचे.

पोरांना शिकवायचं तर गंमत पाहिजे, आणि कॅसेटवर मिळायचे ते सगळे खेळ परदेशातले. कुठं अंतराळयान, कुठं बर्फातली गुहा. ताई म्हणाली, “आपल्या पोरांना बर्फ रसवंतीवर दिसतो, तेवढाच.” म्हणून तिनं ‘नळ आला’ लिहिला. नळाला पाणी येतं. खेळणाऱ्याची बाई हंडा घेऊन पळते. पाणी जायच्या आत घरातली सगळी भांडी भरायची. मधे शेजारीण आपली बादली घुसवते. वरच्या मजल्यावरचा मोटर लावतो आणि धार बारीक होते. जिन्यात पोरगं झोपलेलं असतं, त्याला ओलांडून जायचं. त्या पोराचा चेहरा मला माझ्यासारखा वाटायचा, पण आठ बाय आठ ठिपक्यांत सगळेच सारखे दिसतात, असं ताईचं म्हणणं.

मराठी अक्षरं त्या यंत्रात नव्हतीच. ताईनं आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर चौकोन रंगवून तयार केलं. ‘ळ’ काही केल्या बसेना. एका अख्ख्या सुट्टीत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आई भाजी टाकतानाही विचारायची, “बसला का गं तुझा ळ?”

त्या यंत्राची स्मरणशक्ती एवढीशी होती की आज ग्रुपवर येणाऱ्या एका सुप्रभाताच्या गुलाबालाही ती पुरायची नाही. सगळा खेळ झाला, आणि शेवटचा जिना काही मावेना. ताईनं इकडून तिकडून काटछाट केली. शेवटी पहिल्या पडद्यावर तिचं स्वतःचं नाव होतं, ते काढलं. जिना बसला. मी म्हटलं, “अगं, नाव?” ती म्हणाली, “कॅसेटच्या कव्हरवर आहे ना.”

आज हे लिहितानाही मला वाटतं, मागं जाऊन तो जिना तोडावा.

क्लासच्या पोरांसाठी तिनं थोड्या कॅसेटा भरल्या. स्वतः, एकेक करून, प्रत्येक चालवून बघत. त्यातली एक रेकॉर्डिंग सेंटरात पोचली. कशी पोचली याचा तपास करण्यात अर्थ नव्हता, कारण त्या काळी कॅसेट एकमेकांना देणं म्हणजे वाटीभर साखर देण्यासारखं होतं. चांगले शिकलेले लोक, डॉक्टर, इंजिनिअर, आमच्या ओळखीचे एक वकीलसुद्धा, हसत हसत म्हणायचे, “द्या की जरा, कॉपी मारून लगेच आणून देतो.” जणू ते आपल्यावर उपकार करतायत. यात काही चूक आहे असं सांगणारा माणूस चिक्कू ठरायचा.

हे सेंटर म्हणजे तुम्ही गाण्यांची यादी द्यायची आणि त्यानं कोऱ्या कॅसेटवर ती गाणी भरून द्यायची. सगळीच गाणी दुसऱ्यांची. पण प्रत्येक दोन गाण्यांमधे हा माणूस आपल्या आवाजात, थोडी घुमवून, घोषणा घालायचा: “ये पेशकश है आपके अपने...” आणि पुढं दुकानाचं नाव, पत्त्यासकट. लग्नाच्या कॅसेटांत, कव्वालीत, आरतीतसुद्धा. लोकांना सवय होती. आमच्या शेजाऱ्यांची छोटी मुलगी आरती म्हणताना मधे थांबून ती घोषणाही म्हणायची.

कॉम्प्युटरच्या कॅसेटा त्यानं तशाच भरल्या. पहिल्या काही कॅसेटांत घोषणा नुसती सुरुवातीला होती, त्यानं बिघडत नव्हतं. मग त्याला वाटलं, सुरुवातीचा तुकडा कुणीही पुसून टाकेल. म्हणून त्यानं ती मधोमध घातली. खेळाच्या मधे. त्या किंचाळणाऱ्या आवाजाचा प्रत्येक कण म्हणजे खेळाचा एकेक तुकडा असतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या दृष्टीनं तो नुसता गोंगाट होता, आणि गोंगाटात आपलं नाव दोनदा घातलं तर कुणाचं काय बिघडतं?

बिघडलं ते असं. लोक कॅसेट लावायचे, पट्टे धावायचे, अर्ध्यावर सगळं बंद पडायचं. पुन्हा लावायचे, पुन्हा बंद. आणि सगळे आमच्या घरी यायचे. सेंटरात कुणी गेलं नाही. गाण्याची कॅसेट ज्यानं दिली तो कसा चुकेल? चूक कॉम्प्युटरची, नाहीतर कॉम्प्युटरवालीची.

“तुमचा गेम चालत नाही हो.”

“हे यंत्रच नाजूक आहे, आमचे हे म्हणतच होते.”

“खेळ चालंना तर अभ्यास काय चालणार याच्यावर?”

ताई प्रत्येकाला आत बसवायची आणि आपली कॅसेट लावून दाखवायची. ती चालायची. लोक म्हणायचे, “तुमच्याकडं चालतं, आमच्याकडं नाय चालत, म्हणजे तुम्हीच काहीतरी करून देता.” या वाक्याला उत्तर काय द्यायचं ते मला अजून सापडलेलं नाही. मी आंघोळ करताना अजून उत्तरं शोधतो.

भानगड कळली ती आईमुळं. एक बाई रागारागानं कॅसेट टेबलावर आपटून गेल्या होत्या. आईनं ती भजनाची समजून देवघराजवळच्या टेपरेकॉर्डरला लावली. आधी कर्कश किंचाळणं, मग एकदम पुरुषी आवाज, मग पुन्हा किंचाळणं. आई पळतच पुढच्या खोलीत आली.

“अगं, ह्याच्यात एक माणूस अडकलाय!”

ताईनं ती कॅसेट कान लावून ऐकली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ओढणी घेतली आणि निघाली. मी सायकलवर मागं.

सेंटरमालक, त्याला सगळे शेठ म्हणायचे, काउंटरवर हेडफोन लावून बसला होता. ताईनं कॅसेट पुढं ठेवली. म्हणाली, “हा गेम माझा आहे. तुम्ही तो मला न विचारता विकताय. आणि वर मधे बोलून मोडून विकताय.”

शेठनं कॅसेट उलटसुलट केली. जराही ओशाळला नाही. “तुमचा व्हय? मस्त आहे की! लई मागणी आहे ताई. पोरं येडी झालीत.”

“चालत नाही तो. तुमच्या आवाजामुळं.”

“नाव तर टाकावंच लागतं, ताई,” शेठ समजावणीच्या सुरात म्हणाला. “नाही टाकलं तर पलीकडचा दुकानवाला जशीच्या तशी कॉपी मारतो. चोरी लई वाढलीये आजकाल.”

मी हे वाक्य घरात, लग्नात, मुंजीत इतक्या वेळा सांगितलंय की माझी मुलगी ते माझ्याआधी पूर्ण करते. लोक हसतात. मीही हसवतो, माझा तो धंदाच आहे. पण त्या दिवशी ताई हसली नव्हती.

लोक म्हणतात, ते कॉम्प्युटर जुने झाले म्हणून गेले. झालं असेल कुठं तसं. आमच्या शहरात ते बदनामीनं गेले. खोटी कॅसेट बंद पडायची आणि खऱ्या यंत्राचं नाव खराब व्हायचं. मग टीव्हीला जोडायचे ते व्हिडिओ गेम आले. डबी खोचली की लगेच खेळ सुरू, कुणाला काही शिकायला नको, लिहायला नको. ताईच्या क्लासातली पोरं एकेक करून कमी झाली. फुलंब्रीचे ते वडील शेवटपर्यंत यायचे, मग त्यांनीही एका रविवारी ओट्यावरून उठताना सांगितलं, “मॅडम, गावात लोक म्हणतात, बंद पडणारं शिकून काय करता?” ते लाजून सांगत होते, हे आणखी वाईट.

पुढं एसी लावलेले, बाहेर चपला काढायला लावणारे कॉम्प्युटरचे क्लास निघाले. ताईनं आपला बंद केला, आलेखाचे कागद रद्दीत घातले आणि शाळेत गणित शिकवायला लागली. चांगलं शिकवलं, निवृत्त झाली. पण त्यानंतर तिनं एकही खेळ लिहिला नाही. डोक्यात तीन तयार होते. एकात गंगापूरची काळीपिवळी जीप होती, माणसं किती कोंबता येतात ते बघायचं. मला तो खेळ खेळायचा होता.

तर असं सगळं असताना त्या पत्रकात निर्माता म्हणून शेठचं नाव.

मी मुलीला म्हटलं, “मी तुझ्या कॉलेजात येतो.”

“बाबा, प्लीज. सरांच्या हातात माझे इंटर्नलचे मार्क आहेत.”

“ही चोरी आहे.”

“तुमच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात ‘सॉफ्टवेअरची अस्सल प्रत वापरा’ असं रोज येतं, ते काय आहे?”

मी विषय बदलला. पण गेलो.

प्रदर्शन मांडणारे सर तरुण होते, अतिशय नम्र होते, आणि नम्र माणसाशी भांडणं किती अवघड असतं हे त्यांना माहीत असावं. त्यांनी मला चहा दिला. मग सांगितलं, की या खेळाची अख्ख्या शहरात एकच चालणारी कॅसेट सापडली, ती शेठच्या माळ्यावर. तिच्या सुरुवातीला स्पष्ट आवाजात ‘ये पेशकश है’ असं येतं. विद्यार्थ्यांनी आतला सगळा प्रोग्रॅम तपासला, दुसरं कुणाचं नाव कुठंही नाही.

“नाही कारण जिना बसत नव्हता!” मी ओरडलो.

सरांनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं. “काका, काही पुरावा आहे का? कागद, जुनी कॅसेट, कव्हर?”

“माणूस आहे. जिनं लिहिला ती जिवंत आहे. तिला विचारा.”

“नक्की विचारू. पण नोंद इंटरनेटवर जाते, त्यामुळं काहीतरी ठोस लागतं. आणि एक बघा ना काका, शेठनी ती कॅसेट ठेवली नसती, तर आज खेळच उरला नसता.”

मला राग आला तो याचा, की हे खरं होतं. ताईच्या स्वतःच्या कॅसेटा केव्हाच बुरशीनं गेल्या होत्या. ज्यानं खेळ मारला त्याच्याच माळ्यावर तो वाचला, आणि आता त्याला राखणदार म्हणायचं. मी चहा तसाच ठेवून उठलो. मग आठवलं की आपण चहा टाकून उठणाऱ्या पाहुण्यांना नावं ठेवतो, म्हणून परत बसून प्यालो.

संध्याकाळी ताईकडं गेलो. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे रे, वय झालं आता. सगळं ऐकून घेऊन तिनं टीव्ही बंद केला.

“मला सत्कार नको, हार नको,” ती म्हणाली. “तिथं माझं नाव पाहिजे. फक्त माझं. त्याच्या शेजारी नको, खाली नको, वर नको. मी येते समारोपाला.”

समारोपाआधी सरांचा फोन आला. आवाजात समाधान. म्हणाले, “काका, आम्ही छान मार्ग काढलाय. दोघांचाही मान राहील.” काय मार्ग ते सांगितलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. या शहरात कुणी मान राखायला निघालं की कुणाचा तरी जातोच.

सभागृह भरलं होतं. पंखे फिरत होते, वारा येत नव्हता. मंचाच्या एका कडेला तो काळा कॉम्प्युटर, त्याला जोडलेला जुना टीव्ही, आणि टीव्हीवर ताईची बाई हंडा घेऊन उभी. पुढं पुठ्ठ्यावर अजून शेठचंच नाव. शेठ पांढऱ्या सफारीत पहिल्या रांगेत. केस पार गेले होते, आवाज तसाच. ताईला पाहून उठला, हात जोडले.

“ओळखलं का ताई? तुमच्यामुळं लई नाव झालं बघा.”

“कुणाचं?” ताईनं विचारलं. शेठ मनापासून हसला. त्याला तो विनोद वाटला.

भाषणं झाली. शेठनं सांगितलं की आम्ही त्या काळी घरोघरी कॉम्प्युटर पोचवला. टाळ्या. माझ्या शेजारी बायको माझा दंड धरून बसली होती. मग निवेदन करणारी मुलगी माइकवर आली आणि कागद पाहून म्हणाली, “आणि आता तो खास क्षण. ज्यांनी हा खेळ लिहिला असं समजतं, त्या आदरणीय मॅडमच्या शुभहस्ते, ज्यांनी तो जपला त्या शेठजींचा सत्कार!”

हा तो मार्ग. ज्याचं चोरलं त्यानंच चोराला शाल घालायची. आणि ‘असं समजतं’! मी उठलो. काय करणार होतो मला माहीत नाही, बहुतेक पडलो असतो, कारण पाय खुर्चीत अडकला होता. पण ताई आधीच पायऱ्या चढत होती.

मंचावर शेठ पुढं झाला आणि सवयीनं मान खाली घालून, डोळे मिटून, शाल अंगावर यायची वाट बघत उभा राहिला. एका मुलीनं तबक पुढं केलं. ताईनं शाल उचलली. घडी मोडली, झटकली, नीट दोन्ही हातांत धरली. आणि स्वतःच्या खांद्यांवर पांघरली. पदर सारखा केला. मग तबकातला नारळ घेतला.

मग मागच्या बाकांवरच्या पोरांनी टाळ्या सुरू केल्या. त्यांना वाटलं असावं, कार्यक्रम असाच आहे. बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. फोटोवाला ओरडला, “मॅडम, इकडं, इकडं बघा!” ताईनं नारळ धरून त्याच्याकडं पाहिलं, शाळेतल्या फोटोत बघायची तशी. शेठ अजून वाकलेलाच. टाळ्या आपल्यासाठी आहेत, शाल कुठं अडकली असेल, अशा विचारात.

ताई त्याच्याजवळ वाकून म्हणाली, “मान वर करा शेठ. झाला सत्कार.”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. शाल, नारळ, ताई. खाली ओळ: शहरातील पहिल्या मराठी गेमच्या निर्मात्यांचा सत्कार. निर्मात्या म्हणून ताईचं संपूर्ण नाव, बिनचूक. बातमी देणाऱ्यानं ती मंचावरून उतरताना तिला नाव तेवढं विचारलं होतं, बाकी कुणाला काही नाही. पुरावा मागितला नव्हता. ज्याच्या खांद्यावर शाल, त्याचा खेळ.

आठवड्याभरात सरांनी इंटरनेटवरची नोंदही बदलली. शेठचं नाव गेलं, ताईचं आलं. खाली आधार म्हणून काय जोडलंय? ते पेपरचं कात्रण.

ताईचं म्हणणं, नाव लागलं, विषय संपला. तिनं त्या नारळाची चटणी करून मलाही डबा पाठवला. मी खाल्ली, चांगली होती, आणि खाताना चिडलेलाच होतो. त्या बाईनं अख्खी सुट्टी घालवून एक ‘ळ’ बसवला, ते कुणाला पुरेसं नव्हतं. मी आरडाओरडा केला, तो पुरेसा नव्हता. ती स्वतः समोर जिवंत उभी होती, तीही पुरेशी नव्हती. पुरली ती कॉलेजनं ठोकमधे आणलेली एक शाल. बायको म्हणते, आता तरी गप्प बसा. मुलगी म्हणते, मार्क लागेपर्यंत तरी बसा.